घरात पार्किन्सन आलाय : बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरच्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पेशंटसाठी कमी आणि घरच्यांसाठी जास्त लिहिलंय, म्हणजे जी सून, मुलगा, बायको, नवरा रोज गोळ्या देतात, बाथरूमपर्यंत नेतात आणि नातेवाइकांचे सल्ले ऐकतात त्यांच्यासाठी. मी डॉक्टर नाही. आमचे मामा, म्हणजे सासरे, वडगावात पॉवरलूमवर साड्या विणायचे आणि त्यांना पार्किन्सन, म्हणजे कंपवात, होऊन बरीच वर्षं झालीत, त्यामुळे ओळखीतले लोक सारखं काही ना काही विचारत असतात. तेच प्रश्न इथं घेतलेत. डोस मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

हात थरथरतो म्हणजे पार्किन्सनच का?

नाही. हात थरथरायची कारणं ढीगभर आहेत, थायरॉईड आहे, काही गोळ्या आहेत, शिवाय नुसत्या कंपाचा एक वेगळा आजार आहे ज्यात चहाचा कप उचलला की हात हलतो आणि ठेवला की थांबतो. पार्किन्सनमध्ये बहुतेक वेळा उलटं असतंय, हात मांडीवर निवांत असताना थरथरतो, काही धरायला गेलं की कमी होतो, आणि सुरुवात एकाच बाजूनं होते. पण खरी खूण थरथर नाहीच, हालचाल मंद होणं ही आहे. काही लोकांना शेवटपर्यंत थरथर येत नाही आणि म्हणूनच त्यांचं निदान उशिरा होतं, घरचे म्हणत बसतात की वय झालं, संधिवात असेल.

मामांचं पहिल्यांदा लक्षात आलं ते मागावर. धागा तुटला की दोन टोकं बोटांत धरून गाठ मारायची, हे त्यांचे हात झोपेतसुद्धा करतील असं काम, आणि तीच गाठ उजव्या हाताला जमेना. खांदा आखडलाय म्हणून आम्ही तेल चोळत होतो. तुमच्या घरी कदाचित सही बारीक बारीक होत गेली असेल, चालताना एकच हात हलत असेल, शर्टाची बटणं लावायला वेळ लागत असेल, चेहऱ्यावर हसू दिसत नसेल. वास न येणं आणि जुनं बद्धकोष्ठ हे तर थरथरीच्या कितीतरी वर्षं आधी सुरू झालेलं असू शकतं.

एमआरआयमध्ये दिसत नाही का? रक्ताची टेस्ट?

रोजच्या वापरात अशी कुठली रक्ताची टेस्ट नाही. एमआरआय करतात तो दुसरं काही नाही ना हे बघायला, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून पेढे वाटू नका. निदान न्यूरॉलॉजिस्ट हात-पाय हलवून बघून, चालायला लावून आणि गोळीनं फरक पडतो का हे बघून करतात. पहिल्या भेटीला जाताना मोबाईलवर दोन-तीन व्हिडिओ काढून न्या, चालतानाचा, खुर्चीतून उठतानाचा आणि जेवतानाचा, कारण डॉक्टरांसमोर आपली माणसं एकदम ताठ चालून दाखवतात.

कशामुळे होतो? आम्हालाही होईल का?

मेंदूच्या आतल्या एका छोट्या भागात डोपामिन, म्हणजे हालचालीला लागणारं रसायन, तयार करणाऱ्या पेशी असतात, त्या मरत जातात. लक्षणं दिसेपर्यंत निम्म्याच्या वर गेलेल्या असतात. का मरतात हे बहुतेकांच्या बाबतीत एका कारणावर बोट ठेवून सांगता येत नाही. आनुवंशिक केसेस असतात पण कमी, शंभरातल्या दहा-पंधरा पेशंटच्या घरात आधी कुणाला झालेला असतो, त्यामुळे मुलीच्या लग्नात हा विषय काढून घाबरवणाऱ्यांना सरळ गप्प करा.

शेतीवाल्यांनी मात्र एक लक्षात ठेवावं. पॅराक्वाटसारखं तणनाशक आणि पार्किन्सन यांचा संबंध दाखवणारे अभ्यास आहेत आणि आपल्याकडं चिकोडी-निपाणी पट्ट्यात उसात, तंबाखूत फवारा पाठीला लावून उघड्या अंगानं जाणारे लोक कमी नाहीत. मास्क, हातमोजे, वाऱ्याकडं पाठ, घरी आल्यावर आधी आंघोळ, एवढं तरी करा. आणि हो, तंबाखू ओढणाऱ्यांत पार्किन्सन कमी दिसतो असं एक निरीक्षण जुनं आहे, ते कुणीतरी व्हॉट्सॲपवर टाकतं आणि मग घरातले आजोबा बिडी ओढायला मोकळे. कॅन्सर आणि हार्ट ॲटॅक त्यात धरलेला नसतो!

बरा होतो का?

पूर्ण बरा होत नाही. पण गोळ्या आणि व्यायाम यावर माणूस बरीच वर्षं चांगला जगतो. जेम्स पार्किन्सन या इंग्लंडच्या डॉक्टरनं १८१७ साली या आजारावर पहिल्यांदा नीट लिहिलं, आणि लिव्होडोपा ही मेंदूत जाऊन डोपामिन बनणारी गोळी नीट वापरात यायला १९६० चं दशक उजाडलं. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत खाटेला खिळलेली माणसं बघितलेली असतात म्हणून आपण घाबरतो, त्यातल्या बऱ्याच जणांना कदाचित गोळीच मिळाली नव्हती.

दाखवायचं कुठं? बेळगावात होतं का, की कोल्हापूर-बेंगळुरू गाठायचं?

बेळगावात न्यूरॉलॉजिस्ट आहेत, केएलईच्या डॉ. प्रभाकर कोरे हॉस्पिटलमध्ये विभाग आहे, प्रायव्हेटमध्येही आहेत. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ पडतं, खानापूर-बैलहोंगलकडचे धारवाड-हुबळीला जातात. कुठंही जा पण एकच डॉक्टर धरा, कारण हा आजार दर तीन-चार महिन्यांनी गोळ्या थोड्या इकडंतिकडं करत सांभाळायचा असतो आणि दर वेळी नवा डॉक्टर म्हणजे दर वेळी पहिल्यापासून सुरुवात. निदानाबद्दल शंका असेल, चाळिशी-पंचेचाळिशीत आजार आला असेल किंवा ऑपरेशनचा विचार असेल तर बेंगळुरूच्या निम्हान्सला, म्हणजे मेंदूच्या आजारांच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला, एकदा दाखवून यावं, मग फॉलोअप इथं.

भाषेचं म्हणाल तर बेळगावात डॉक्टर मराठी बोलतात, काही अडत नाही. बेंगळुरूला मात्र ओपीडीची खिडकी, केसपेपर, रांग सगळं कन्नडमध्ये, तिथं कन्नड येणारा भाचा-पुतण्या बरोबर असलेला बरा. गोळ्यांची यादी नावासकट, वेळेसकट एका कागदावर इंग्रजीत लिहून पाकिटात ठेवा, कुठल्याही राज्यात चालते.

गोळी वेळेवर द्यायची म्हणजे किती वेळेवर? अर्धा तास इकडंतिकडं चालतं का?

बीपीच्या गोळीला चालतं, या गोळीला नाही. सगळ्या उत्तरांत हेच मी सगळ्यात जास्त बोलते त्यामुळे जरा लांबण लागेल.

लिव्होडोपा-कार्बिडोपा, आपल्याकडं सिंडोपा वगैरे नावानं मिळते ती, शरीरात थोडेच तास टिकते. सुरुवातीला मेंदूकडं स्वतःचं थोडं डोपामिन शिल्लक असतं म्हणून दिवसात तीन गोळ्यांवर भागतं आणि उशीर झालेला कळतही नाही. काही वर्षांनी तो साठा संपत येतो आणि मग माणूस गोळीवरच चालतो, गोळी चढली की उठून अंगणात जातो, उतरली की खुर्चीतून उठता येत नाही. घरच्यांना वाटतं सकाळी तर चालत होते, आता मुद्दाम करताहेत. मुद्दाम कुणी करत नाही हो.

म्हणून मोबाईलला गजर लावा, पेशंटच्या आणि तुमच्या दोघांच्या. आमच्याकडं स्टीलचा मसाल्याचा डबा आहे, त्यातल्या वाट्यांवर वेळा लिहिलेल्या पट्ट्या चिकटवल्यात, ७, ११, ३, ७, आणि झोपतानाची वेगळी. वाटी रिकामी म्हणजे गोळी गेली, मग "दिली का?" "मला वाटलं तू दिलीस" हे भांडण होत नाही. एका वहीत गोळी कधी, चांगलं कधीपासून कधीपर्यंत चाललं, कधी अडकले, कधी अंग वेडंवाकडं हलायला लागलं हे आठवडाभर लिहा आणि डॉक्टरांना तीच वही दाखवा. अंग आपोआप वळवळल्यासारखं हलणं हे बऱ्याचदा औषधाचा परिणाम जास्त झाल्याचं लक्षण असतं, आजार वाढल्याचं नाही, पण ते वेळेसकट सांगितलं नाही तर डॉक्टरांना कसं कळणार.

सावकाश विरघळणारी, म्हणजे नावापुढं सीआर लिहिलेली गोळी चुरून देऊ नका. आणि गोळी एकदम कधीच बंद करायची नाही, संपली म्हणून नाही, उपास आहे म्हणून नाही, कुणी सांगितलं म्हणूनही नाही. एकदम थांबवली तर अंग लाकडासारखं कडक होऊन ताप चढतो, जिवावर बेततं.

ही गोळी पाच वर्षांत काम करायची थांबते म्हणे, मग उशिरा सुरू करू का?

नका. गोळी थांबत नाही, आजार पुढं जातो. त्रास होत असताना गोळी वाचवून ठेवून पुढं काही जादा मिळत नाही, फक्त चांगली वर्षं बसून जातात. ती काय बँकेतली एफडी आहे का!

जेवणाचं काही पथ्य?

पथ्य असं नाही, वेळ सांभाळायची. प्रोटीन आणि लिव्होडोपा आतड्यात एकाच दारातून आत जायला बघतात, त्यामुळे उसळ, मटण, अंडी, दूध, पनीर याबरोबर गोळी घेतली तर ती नीट चढत नाही. जेवणाआधी अर्धा-एक तास, नुसत्या पाण्याबरोबर. मळमळ होत असेल तर एखादं बिस्कीट चालतं. सकाळी दुधाच्या चहाबरोबर गोळी गिळायची आपली सवय असते, ती मोडायची.

काही जणांना दिवसा भाकरी-भाजी, भात असं हलकं आणि मटण-उसळ रात्री असं केल्यावर दुपार चांगली जाते, डॉक्टरांना विचारून करून बघा. प्रोटीन बंद मात्र करू नका, या आजारात वजन तसंही उतरतं. कुंदा खाऊ का असं विचारणारे बेळगावात भेटणारच, खा की, पण तो आटवलेल्या दुधाचा आहे हे ध्यानात ठेवून गोळीच्या वेळेपासून लांब. लोहाची गोळी चालू असेल तर तीसुद्धा दोनेक तास लांब ठेवा. पाणी आणि भाज्या भरपूर, कारण बद्धकोष्ठ झालं की गोळीपण नीट लागत नाही.

गल्लीतल्या डॉक्टरांनी उलटीची आणि ॲसिडिटीची गोळी दिली, चालेल का?

हा प्रश्न कमी लोक विचारतात आणि विचारायला पाहिजे सगळ्यांनी. काही अगदी साधी वाटणारी औषधं मेंदूत डोपामिनचा रस्ताच अडवतात आणि पार्किन्सन दोन दिवसांत कितीतरी वाढल्यासारखा दिसतो. उलटीसाठीची मेटोक्लोप्रामाइड, चक्करेची प्रोक्लोरपेराझिन, चक्कर नि मायग्रेनसाठी देतात ती सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन, आणि ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये मिसळलेली लेव्होसल्पिराइड. ही शेवटची जास्त फसवते, कारण पाकिटावर मोठ्या अक्षरात नाव दुसरंच असतं आणि ही खाली बारीक अक्षरात. भ्रम झाला, आरडाओरडा केला तर हॅलोपेरिडॉल देतात, तेही यांना चालत नाही.

उलटीसाठी डॉम्परिडोन बहुतेक वेळा चालते, पण हृदयाचा त्रास असेल तर विचारून. ही नावं कागदावर लिहून गोळ्यांच्या डब्यात ठेवा आणि मेडिकलवाल्याला, दातांच्या डॉक्टरला, सगळ्यांना दाखवा. उलट्या बाजूनं पण बघा, अशा गोळ्या महिनोन्‌महिने खाऊन पार्किन्सनसारखी लक्षणं आलेले लोकपण असतात आणि गोळी बंद केल्यावर त्यांचं बरंच कमी होतं.

आयुर्वेदिक घेऊ का? खाजकुयलीच्या बिया चांगल्या म्हणतात.

खाजकुयलीच्या बियांत खरंच लिव्होडोपा असतो, थाप नाही ती. आयुर्वेदात कंपवातावर ती पूर्वीपासून वापरतात. अडचण अशी की चमच्यात किती आला हे कळत नाही, आणि वर सिंडोपा चालू असेल तर डोस डबल होतो, मग अंग हलणं, बीपी पडणं, भास. घ्यायचीच असेल तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचं औषध सांगून घ्या, लपवून नको.

बाहेरचं काही असेल का? घरात माणसं दिसतात म्हणतात.

भास हा या आजाराचा आणि त्याच्या गोळ्यांचाही भाग आहे. लहान मुलं कोपऱ्यात बसलेली, मांजर पळालेलं, मेलेला भाऊ दारात उभा, असं दिसतं. देवस्कीवाल्याकडं अंगारा आणायचा असेल तर आणा, मी कुणाच्या श्रद्धेला हात लावत नाही, पण त्याच्या सांगण्यावरून गोळ्या बंद करायच्या नाहीत आणि उपाशी ठेवायचं नाही.

भास अचानक सुरू झाले असतील तर आधी लघवीचं इन्फेक्शन, ताप, पाणी कमी पडणं, नवी गोळी हे तपासून घ्या. समोर कुणी नाही म्हणून वाद घालू नका, "मला नाही दिसत, पण मी आहे इथं" एवढं बोलून लाईट लावा, बऱ्याचदा अंधारात टांगलेला शर्ट माणूस वाटत असतो.

रात्री झोपेत ओरडणं, लाथा मारणं हे वेगळं, ते स्वप्न अंगानं जगणं असतंय. शेजारी झोपणाऱ्यानं पलंग वेगळा करावा, टोकदार टेबल लांब सारावं, खाली गादी टाकावी, आणि डॉक्टरांना सांगावं, त्यावर औषध आहे.

उंबऱ्याजवळ पाय जमिनीला चिकटतात. ओढू का?

ओढू नका, अजिबात. वरचं अंग पुढं येतं, पाय तिथंच राहतात आणि दोघंही पडता.

आपली जुनी घरं याबाबतीत वाईट. बाहेर शहाबादी फरशी, मग उंच उंबरा, आत अरुंद सोपा, मग परत उंबरा. दार, वळण, अरुंद जागा आणि घाई या चारही गोष्टींनी पाय थिजतात, आणि लघवीला जाताना चारही एकदम येतात. थिजले की थांबायचं. श्वास घेऊ द्या. मग वजन डाव्या पायावर, उजव्या पायावर, डाव्या पायावर असं जागच्या जागी डुलायला सांगा आणि मग तीनच्या आकड्याला एक मोठं पाऊल. तुमचा पाय त्यांच्या पायापुढं आडवा ठेवून "हा ओलांडा" म्हटलं तरी पाय उचलला जातो, ही गंमत मला अजून नवल वाटते, सपाट जमिनीवर न उचलणारा पाय आडवी वस्तू दिसली की उचलतो. त्यामुळे आम्ही स्वयंपाकघरापासून बाथरूमपर्यंत फरशीवर पिवळ्या चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारल्यात, एकेक पावलाच्या अंतरावर. मामा त्या रेघांवरून चालतात आणि पाहुणे विचारतात हे काय, मुलांनी खेळायला काढलंय का.

तालानं पण असंच होतं. "एक-दोन, एक-दोन" म्हणा, टाळी वाजवा. आयुष्यभर भजनात टाळ वाजवलेली माणसं आपल्याकडं गावोगावी आहेत, त्यांच्या हातात टाळ द्या किंवा मोबाईलवर भजन लावा, पाऊल कसं पडतं बघा. वळताना एका पायावर गर्रकन नाही, गाडी वळवतो तसं मोठा वळसा घेऊन. चालताना बोलायला लावू नका आणि दोन्ही हातात काही देऊ नका.

घरात बदल काय करायचे?

बाथरूममध्ये भिंतीत पक्के बार (टॉवेलचा रॉड नव्हे, तो उपटून येतो), कमोड किंवा कमोडची खुर्ची, खडबडीत मॅट. पायपुसणी आणि घोंगड्या वाटेतून उचला. पावसाळ्यात खानापूरकडं अंगणात शेवाळ धरतं तिथं ब्लीचिंग पावडर. रात्रभर एक लाईट. खुर्ची उंच आणि हातांची. बिछान्यात कूस बदलता येत नसेल तर कमरेखाली साटीनसारखं गुळगुळीत कापड अंथरा, पाय मात्र सुती चादरीवर, नाहीतर रेटा मिळत नाही. उठल्या उठल्या चक्कर येत असेल तर बीपी पडतंय, मिनिटभर काठावर बसवून मग उभं करा, आणि बीपीच्या जुन्या गोळ्या अजून लागतात का ते विचारा.

सगळं आपण करून द्यावं की त्यांनाच करू द्यावं?

त्यांनाच, जेवढं जमतं तेवढं, जेवढा वेळ लागेल तेवढा. शर्ट घालायला वीस मिनिटं लागत असतील तर वीस मिनिटं आधी सुरू करा. मला माहीत आहे सकाळी शाळेचा डबा, नळाला पाणी आलेलं आणि त्यात हे, हात शिवशिवतात पटकन घालून द्यायला. पण एकदा आपण भरवायला लागलो की हातातला चमचा परत जात नाही. बटणांऐवजी वेलक्रो, नाडीऐवजी इलॅस्टिक, जाड दांड्याचा चमचा, काठ असलेली ताटली. गोळी चढलेली असते त्या तासाभरात आंघोळ-कपडे उरकले की अर्धं भांडण मिटतं.

व्यायाम रोज. हे औषधाइतकंच खरं. चालणं, सायकलचं पेडल, योगासनं, जे आवडेल ते, पण जरा दम लागेल असं. टिळकवाडीत सकाळी फिरायला जाणाऱ्या म्हाताऱ्यांच्या ग्रुपात सोडलं की दोन्ही कामं होतात.

कायम रागावल्यासारखा चेहरा, काही बोललं तरी हं नाही की हूं नाही.

चेहऱ्याचे स्नायू हलत नाहीत म्हणून तसं दिसतं, आत माणूस ऐकत असतो. प्रश्न विचारून दहापर्यंत मनात मोजा, उत्तर येतं. पण खरंच उदास असतील, झोप नाही, रडू येतं, मरणाच्या गोष्टी करतात असं असेल तर ते वयाचं म्हणून सोडू नका, डिप्रेशन या आजारात खूप जणांना येतं आणि त्यावर इलाज होतो. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात.

आवाज खूप बारीक झालाय.

मोठ्यानं बोलायची सवय करावी लागते, कारण त्यांना स्वतःला वाटतं आपण नीट बोलतोय. रोज पेपर मोठ्यानं वाचणं, आरती मोठ्यानं म्हणणं. स्पीच थेरपिस्टनं सराव कन्नडमधून दिला तर तेच मराठीत द्या म्हणून सांगा, सराव बोलीतच व्हायला पाहिजे.

जेवताना ठसका लागतो, लाळ गळते.

ठसका हलक्यात घेऊ नका, अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. ताठ बसवून जेवण, छोटे घास, टीव्ही बंद, एक घास गिळल्याशिवाय दुसरा नाही, जेवणानंतर अर्धा तास आडवं नाही. चुरमुरे, भडंग, कोरडं फरसाण, शेंगदाणे यांना रामराम. भाकरी आमटीत मऊ कुस्करून द्या. पाण्यालाच ठसका लागत असेल तर स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्या. लाळ जास्त बनत नाही, गिळली जात नाही, म्हणून "गिळा" अशी आठवण करायची किंवा लिमलेटसारखी गोळी (औषधाची नव्हे) चघळायला द्यायची, गिळण्याचा त्रास फार नसेल तर.

अचानक लॉटरी, ऑनलाईन रमी, नको ती खरेदी सुरू झालीय.

पार्किन्सनवरच्याच गोळ्यांत प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल चालू आहे का बघा. या गोळ्यांनी काही जणांचा स्वतःवरचा ताबा सुटतो, जुगार, खरेदी, खाणं, आणि लैंगिक इच्छा वाढणं पण, जे बायको कुणाला सांगत नाही. सांगा. डोस बदलला की बहुतेकांचं कमी होतं. चारित्र्यावर घेऊ नका आणि तोपर्यंत फोनपे-एटीएम आपल्याकडं ठेवा.

हॉस्पिटलात ॲडमिट करायची वेळ आली तर?

गोळ्या घरून न्या आणि नर्सला पहिल्यांदाच सांगा की यांच्या गोळ्यांना वॉर्डाचं टाइमटेबल चालत नाही. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवणार असतील तर भूलतज्ज्ञांना गोळीचं विचारा. नको असलेल्या औषधांचा कागद केसपेपरला पिन करा. आमच्याकडं एका ठिकाणी दोन वेळा सांगूनसुद्धा रात्रीची गोळी "सकाळी राउंडनंतर बघू" म्हणून राहिली आणि दुसऱ्या दिवशी मामांना उठवून बसवायला दोघं लागले. बोलून भांडखोर ठरलात तरी चालेल.

मेंदूचं ऑपरेशन करतात ते काय?

डीबीएस. मेंदूत तारा आणि छातीत कातडीखाली बॅटरी. आजार बरा करत नाही, पण गोळीनं फायदा होतो आणि तो टिकत नाही किंवा अंग फार हलतं अशा लोकांना चांगला उपयोग होतो. विस्मरण वाढलेल्यांना शक्यतो करत नाहीत. खर्च कित्येक लाखांत, त्यामुळे दोन ठिकाणी विचारल्याशिवाय शेत विकायला काढू नका.

बंद, रास्तारोको झाला की गोळ्यांचं काय?

सीमाभागातला खास आपला प्रश्न. कोल्हापूरहून गोळ्या आणणाऱ्यांनी तर जास्तच बघायचं, कधी सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर गाड्या थांबतील सांगता येत नाही. १ नोव्हेंबरच्या (राज्योत्सव आणि काळा दिन) आसपास आणि बेळगावातल्या अधिवेशनाच्या दिवसांत जादा स्टॉक ठेवा, एरवीही पंधरा दिवसांचा हाताशी असू द्या. नेहमीच्या ब्रँडला पर्याय म्हणून दुसरी गोळी दिली तर दोन्ही घटकांचे आकडे जुळतात का बघा, १००-१० आणि १००-२५ या वेगळ्या गोळ्या आहेत.

बसनं नेताना?

स्टँडवर चढताना मागचे लोक ढकलतात. कंडक्टरला आधीच "स्वल्प तडीरी" (जरा थांबा) म्हणा, थांबतो बिचारा. जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना साध्या बसचं तिकीट कर्नाटकाच्या आत लागत नाही, आधारवर इथला पत्ता पाहिजे, त्यामुळे आईला धारवाडला नेणं स्वस्त पडतं. कोल्हापूरला ते चालत नाही.

सरकारी मदत काय मिळते?

२०१६ च्या दिव्यांग कायद्यात पार्किन्सनचं नाव आहे, हे आपल्याकडं बऱ्याच जणांना माहीतच नाही. ४० टक्के किंवा जास्त असेल तर सर्टिफिकेट आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या, कार्डाचा उपयोग होतो. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर, तपासणी सरकारी हॉस्पिटलच्या बोर्डापुढं. ग्रामपंचायतीत दिव्यांगांसाठीचा पुनर्वसन कार्यकर्ता असतो त्याला गाठा, कन्नड फॉर्म तो भरून देतो. तपासणीला शक्यतो गोळी उतरायच्या वेळेला न्या किंवा निदान दोन्ही अवस्थांचा व्हिडिओ दाखवा, नाहीतर गोळी चढलेली असताना ठणठणीत माणूस बघून टक्के कमी पडतात.

विमा योजना बहुतेक ॲडमिट झाल्यावरच चालतात, महिन्याच्या गोळ्या खिशातून. जनऔषधी दुकानात विचारून बघा. महाराष्ट्रानं ८६५ सीमाभागातल्या गावांसाठी महात्मा फुले योजना जाहीर केली, कर्नाटकानं विरोध केला, त्या राजकारणात आपण पडायचं नाही, कोल्हापूरच्या हॉस्पिटलात निघायच्या आधी फोन करून आपलं गाव धरतात का एवढं विचारायचं. इन्कम टॅक्स भरणाऱ्यांना जुन्या पद्धतीत ८० डीडीबीखाली सवलत होती, ६० च्या वरच्या पेशंटसाठी १ लाखापर्यंत, ४० टक्क्यांच्या अटीवर. १ एप्रिल २०२६ पासून कायदा नवा, कलमाचा नंबर वेगळा, सीएकडून करून घ्या.

आमचं काय? आम्ही थकलो.

थकणारच. आणि बहुतेक घरात हे काम एकाच बाईवर पडतं, बाकीचे फोनवरून सल्ले देतात. पुण्या-मुंबईच्या दिरांना सल्ल्याऐवजी काम वाटून द्या, एकानं गोळ्यांचा खर्च, एकानं वर्षातून पंधरा दिवस येऊन राहायचं. "मी ठीक आहे" म्हणायचं बंद करा, कुणी विचारलं तर आठवड्यातून एक दुपार मागा. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ म्हणून मराठी लोकांचाच ग्रुप आहे, त्यांचं मराठीत बरंच साहित्य आहे, आणि मुंबईत पीडीएमडीएस ही संस्था २००१ पासून काम करते. बेळगावात आपल्या डॉक्टरांच्या ओपीडीत बाकावर शेजारी बसलेल्या सुनेचा नंबर घ्या, ती सगळ्यात जास्त कामाला येते.

गाडी चालवू द्यावी का?

स्कूटर लवकर बंद करावी लागते, तोल आणि ब्रेक दोन्हीत उशीर होतो. एकदम किल्ली काढून घेण्यापेक्षा डॉक्टरांच्या तोंडून सांगायला लावा, मुलाचं ऐकत नाहीत, डॉक्टरचं ऐकतात.

लग्नाकार्याला न्यावं का? लोक बघत बसतात.

बघू देत. न्यायचंच. गोळी चढायच्या वेळेला हॉलवर पोचेल असं निघा, खुर्ची दाराजवळ नको, पंगतीच्या पहिल्या फेरीत गर्दीच्या आधी बसवा, पुढची गोळी आणि पाण्याची बाटली तुमच्या पर्समध्ये. हात थरथरतो म्हणून अक्षता कुणाला तरी टाकायला देऊ नका, त्यांच्याच मुठीत द्या. कुणी विचारलं काय झालंय, तर आजाराचं नाव सांगा, लपवलं की लोक दारूमुळे असेल असं धरून चालतात.